हरण्याची सोय

ग्रेनाडा नावाच्या देशाच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. हो, तेच, जे आपण श्रीखंडात आणि बासुंदीत किसून घालतो. कॅरिबियन समुद्रातला हा देश, क्षेत्रफळ साधारण ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान. लोकसंख्या लाखाच्या आसपास. आपल्यापैकी बहुतेकांनी नाव ऐकलं असेल ते क्रिकेटमुळे, नाहीतर २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण घेऊन गेलेल्या किरानी जेम्समुळे.

या चिमुकल्या देशात एक राजकीय पक्ष होऊन गेला. नाव न्यू ज्यूएल मूव्हमेंट. जन्म मार्च १९७३, मृत्यू ऑक्टोबर १९८३. उणंपुरं साडेदहा वर्षांचं आयुष्य, त्यातली साडेचार वर्षं सत्तेत.

आता शनिवारी सकाळी हे मढं कशाला उकरून काढायचं? कारण सांगतो. हापिसात जेवणाच्या टेबलावर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी एक वाक्य टाकतंच : "या देशाला ना, चार हुशार, स्वच्छ, शिकलेली माणसं द्या, दहा वर्षं निवडणुका बंद करा, बघा सगळं कसं सुतासारखं सरळ येतं!" आणि टेबलावरचे बाकीचे माना डोलावतात. एमबीए झालेले जरा जास्तच डोलावतात :-)

तर मंडळी, हा प्रयोग झालेला आहे. ग्रेनाडात झाला. माणसं हुशार होती, शिकलेली होती, आणि पैसे खाणारी तर अजिबात नव्हती. निवडणुका बंद होत्या. निकाल सगळ्यांना बघायला उपलब्ध आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. न्यू ज्यूएल मूव्हमेंट अमेरिकेनं मारली नाही. एका खलनायकानंही मारली नाही. ज्या संघटनेत हरण्याची सोय नसते, ती संघटना शेवटी माणसं मारते, आणि बहुतेक वेळा आधी आपलीच. या पक्षानं देशात कोणाला हरण्याची सोय ठेवली नव्हती. त्यामुळे वेळ आली तेव्हा ती त्यांना स्वतःलाही मिळाली नाही.

आता पहिल्यापासून.

ग्रेनाडा ७ फेब्रुवारी १९७४ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. पहिला पंतप्रधान एरिक गेरी. हा माणूस म्हणजे एक नमुनाच होता. सुरुवात चांगली केली होती. १९५० च्या सुमारास त्यानं मळ्यांवरच्या मजुरांची युनियन बांधली, संप केले, गरिबांना पहिल्यांदा कोणीतरी वाली मिळाला. पण पुढे सत्ता डोक्यात गेली. 'मंगूस गँग' म्हणून ओळखली जाणारी गुंडांची एक टोळीच त्यानं पदरी बाळगली होती. विरोधकांना रस्त्यात गाठून बडवायचं, हे तिचं काम. आणि पंतप्रधानसाहेब स्वतः संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन काय बोलायचे, तर उडत्या तबकड्यांवर जागतिक पातळीवर संशोधन झालं पाहिजे! विनोद नाही, १९७७ आणि १९७८ सालच्या नोंदी आहेत.

या गेरीविरुद्ध दोन गट उभे राहिले. एक युनिसन व्हाईटमनचा, खेड्यापाड्यांत काम करणारा. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'ज्यूएल' होतं, अर्थ साधारण 'कल्याण, शिक्षण आणि मुक्तीसाठी संयुक्त प्रयत्न'. दुसरा गट मॉरिस बिशप आणि केनरिक रेडिक्स या तरुण वकिलांचा, शहरी. ११ मार्च १९७३ ला दोन्ही एकत्र आले आणि न्यू ज्यूएल मूव्हमेंट जन्माला आली. नावातला तो 'संयुक्त' शब्द जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या लोकांनी काय सोसलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १८ नोव्हेंबर १९७३ ला ग्रेनव्हिल गावात गेरीच्या माणसांनी बिशप, व्हाईटमन आणि त्यांच्या साथीदारांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं आणि तशाच अवस्थेत कोठडीत टाकलं. दोन महिन्यांनी, २१ जानेवारी १९७४ ला, राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये निदर्शनं चालू असताना बिशपचे वडील रुपर्ट बिशप यांना गोळी घालून ठार मारलं. स्वातंत्र्य दोन आठवड्यांवर आलं होतं. अशा परिस्थितीतून आलेल्या माणसाला 'निवडणुकीवर विश्वास ठेव' म्हणून सांगणं सोपं नाही, हे मला मान्य आहे.

पण गंमत बघा. त्याच गेरीच्या राज्यात १९७६ साली निवडणूक झाली. विरोधकांनी आघाडी केली. मतदारयाद्यांत घोळ होता, सगळे आरोप होते. तरीही १५ पैकी ६ जागा विरोधकांना मिळाल्या आणि बिशप संसदेत विरोधी पक्षनेता झाला. म्हणजे गुंड पाळणाऱ्या, तबकड्या शोधणाऱ्या हुकूमशहाच्या राज्यातही विरोधकाला बसायला एक खुर्ची होती. मोडकी, डुगडुगणारी, पण होती.

१३ मार्च १९७९ ला गेरी अमेरिकेत गेलेला असताना पहाटे पक्षाच्या चाळीस-पन्नास माणसांनी ट्रू ब्लू इथल्या लष्करी तळावर हल्ला केला. सैनिक झोपेत होते. मग रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं. सकाळी बिशपचा आवाज रेडिओवर आला, लोक रस्त्यावर येऊन नाचले, पोलीस ठाण्यांवर पांढरे कपडे फडकले. रक्तपात जवळजवळ झालाच नाही. तेव्हा बिशप ३४ वर्षांचा होता. त्या पहिल्याच भाषणात त्यानं देशाला एक वचन दिलं : सगळी लोकशाही स्वातंत्र्यं परत येतील, निवडणुकाही त्यात आल्या.

निवडणूक झाली नाही. पहिल्या वर्षी नाही, चौथ्या वर्षीही नाही.

आता चांगलं काय झालं ते. भरपूर झालं! प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याची मोठी मोहीम १९८० मध्ये निघाली. माध्यमिक शिक्षण मोफत झालं. बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला. क्यूबाचे डॉक्टर आणि दंतवैद्य आले, गावोगाव उपचार मिळू लागले. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पॉइंट सलाइन्सचा विमानतळ. जुन्या पर्ल्स विमानतळावर मोठी विमानं उतरू शकत नव्हती, रात्री तर कुठलंच नाही. त्यामुळे पर्यटक शेजारच्या बेटावर उतरून, मुक्काम करून मग यायचे. नवी धावपट्टी ९,००० फुटांची. क्यूबाच्या कामगारांनी आणि यंत्रांनी ती बरीचशी उभी केली.

हे सगळं वाचून जेवणाच्या टेबलावरचा मित्र खूश होईल. "बघ! म्हटलं नव्हतं? निवडणुकीचा कटकटीचा भाग काढला की कामं फटाफट होतात."

थांब जरा. दुसरी यादी बाकी आहे.

राज्यघटना स्थगित. 'टॉर्चलाइट' नावाचं वर्तमानपत्र ऑक्टोबर १९७९ मध्ये बंद, म्हणजे सत्तेवर आल्यावर सातच महिन्यांत. १९८१ साली २६ नागरिकांनी मिळून 'ग्रेनाडियन व्हॉइस' नावाचं साधं पत्र काढलं, तेही बंद, आणि त्यातल्या काही जणांची रवानगी तुरुंगात. खटला नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. त्या कैद्यांमध्ये टिलमन थॉमस नावाचा एक वकील होता. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पण या सगळ्यात एक गोष्ट मात्र राखून ठेवली होती. इंग्लंडची राणी! ती शेवटपर्यंत ग्रेनाडाची राष्ट्रप्रमुख राहिली, आणि तिचा गव्हर्नर जनरल पॉल स्कूनही आपल्या बंगल्यात कायम राहिला. क्रांतिकारकांना राणी चालली, मतपेटी चालली नाही. बिशपचं उत्तर ठरलेलं असायचं : पाच वर्षांतून एकदा पाच सेकंद शिक्का मारायचा, याला का लोकशाही म्हणतात? आमच्याकडे लोक दर महिन्याला परिषदांमध्ये येऊन बोलतात, मंत्र्यांना प्रश्न विचारतात.

टाळ्या घेणारं वाक्य आहे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी थोड्याफार फरकानं हेच म्हटलंय. पण त्यात एक हातचलाखी आहे. त्या परिषदांमध्ये लोक खरोखर बोलायचे. रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल, अंदाजपत्रकाबद्दलसुद्धा. बोलता सगळं यायचं, काढता कोणालाच यायचं नाही. ती पाच सेकंदं महत्त्वाची असतात ती एवढ्यासाठीच. बाकी पाच वर्षं तुम्ही बोलता, त्या पाच सेकंदांत तुम्ही काढून टाकू शकता.

आणि निर्णय कोण घेत होतं? पक्ष. पक्षात किती माणसं? इथे खरी मेख आहे. बिशप आणि मंडळींनी लेनिनच्या पद्धतीचा 'अग्रदल' पक्ष बांधला. पूर्ण सभासद व्हायचं तर आधी अर्जदार, मग उमेदवार, मग अभ्यासवर्ग, मग परीक्षा पाहणं. परिणाम असा की सत्तेत असतानाही पूर्ण सभासदांची संख्या शंभराच्या खालीच राहिली. लाखाच्या देशात शंभराहून कमी! आपल्याकडे एखाद्या गृहसंकुलाच्या वार्षिक सभेला यापेक्षा जास्त माणसं असतात (कोरम होत नाही ती गोष्ट वेगळी). आणि त्या शंभरांवर डझनभर लोकांची केंद्रीय समिती. तिच्यात बहुमतानं जे ठरेल ते सगळ्यांनी निमूटपणे मानायचं, बाहेर ब्र काढायचा नाही. शिस्त!

अशी समिती तोवरच चालते जोवर सगळ्यांचं पटतं.

१९८३ मध्ये पटेनासं झालं. पैसा संपत आला होता, विमानतळ खर्च खात होता, अमेरिका डोळे वटारत होती, रस्ते खराब झाले होते, कार्यकर्ते थकले होते. लोकांचा उत्साह ओसरल्याचं समितीच्याच बैठकांत बोललं जात होतं. आता निवडणुका घेणाऱ्या देशात अशा वेळी काय होतं? सरकार पडतं. पक्ष पाच वर्षं घरी बसतो, झोप काढतो, नवा नेता शोधतो. इथे तो रस्ताच बंद होता. म्हणून त्यांनी दोष शोधला तो आत. तो सापडला, म्हणजे एका माणसात सापडला : बिशप. भाषणं उत्तम, लोकांचा लाडका, पण म्हणे संघटन नाही, शिस्त नाही, वैचारिक खोली नाही.

सप्टेंबर १९८३ च्या मध्यावर केंद्रीय समितीची तीन दिवस बैठक झाली. प्रस्ताव आला 'संयुक्त नेतृत्वाचा'. बिशपनं जनता आणि परदेश सांभाळायचा. उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री बर्नार्ड कोर्डनं पक्षाचं संघटन आणि डावपेच सांभाळायचे. आयटीवाल्यांना यात काहीच खटकणार नाही. एक जण क्लायंट बघेल, दुसरा डिलिव्हरी! कोर्ड खरोखर हुशार होता. अर्थशास्त्रज्ञ, शिवाय ब्रिटनच्या शाळांमध्ये वेस्ट इंडियन मुलांना मंदबुद्धी ठरवून कसं बाजूला टाकतात यावर १९७१ साली त्यानं लिहिलेलं पुस्तक तिथे गाजलं होतं. बिशपचा अगदी तरुणपणापासूनचा दोस्त.

मतदान झालं. ९ बाजूनं, १ विरोधात, ३ तटस्थ. तटस्थांमध्ये खुद्द बिशप. २५ सप्टेंबरला सभासदांची सभा झाली, बिशपनं तिथे निर्णय मान्य केला, दोघांनी मिठी मारली, सगळ्यांनी 'इंटरनॅशनल' गायलं. मग तो हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाच्या दौऱ्यावर गेला, आणि क्यूबामार्गे ८ ऑक्टोबरला परतला तो, या निर्णयाचा पुन्हा विचार व्हावा असं म्हणत.

आता विचार करा. एखाद्या साध्या पक्षात असं झालं तर? मोठं भांडण होईल. कोणीतरी पत्रकार परिषद घेईल. पक्ष फुटेल, दोन चिन्हं होतील, कोर्टात जातील, एकमेकांची उणीदुणी काढतील. बघायला अतिशय ओंगळ. पण सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातील.

ग्रेनाडात पत्रकार परिषद घ्यायला वर्तमानपत्रच नव्हतं, ते त्यांनीच बंद केलं होतं. कोर्टात जायला घटना नव्हती, ती त्यांनीच गुंडाळली होती. दुसरा पक्ष काढायची सोय नव्हती. आणि सरकारशी न पटणाऱ्याचं काय करायचं, याची साडेचार वर्षांची सवय मात्र पक्की झाली होती : आत टाकायचं. १३ ऑक्टोबरला पक्षानं आपल्याच पंतप्रधानाला नजरकैदेत टाकलं. फोन तोडला.

१९ ऑक्टोबरला दुकानं, शाळा, कचेऱ्या बंद पडल्या. हजारो लोक रस्त्यावर आले. शाळेच्या गणवेशातली मुलं होती. लोकांनी बिशपच्या घराचं फाटक ओलांडलं, त्याला सोडवलं. खाली बाजारचौकात प्रचंड गर्दी त्याची वाट बघत होती. पण बिशप चौकात गेलाच नाही. तो गेला किल्ल्यावर, लष्कराच्या मुख्यालयात, फोर्ट रुपर्टवर. सैनिकांची शस्त्रं काढून घेतली गेली.

या एका वळणावर मी बरेच दिवस अडकून पडलो होतो. हजारो माणसं बाजूला, आवाज हुकमी, आणि हा माणूस चौकात का गेला नाही? मला वाटतं, त्यालाही दुसरा रस्ता माहीत नव्हता. त्याच्या पक्षानं देशात सत्ता बदलायची एकच रीत शिल्लक ठेवली होती : बंदुका आणि रेडिओ कोणाच्या ताब्यात आहेत. १९७९ च्या पहाटे तेच केलं, १९८३ च्या दुपारी तेच करायला निघाले. फक्त या वेळी समोरचे झोपेत नव्हते.

फोर्ट फ्रेडरिकवरून चिलखती गाड्या आल्या. गोळीबार सुरू झाला. जीव वाचवायला लोकांनी तटावरून खाली उड्या मारल्या, अनेक जण मेले. मग बिशप आणि आणखी सात जणांना आतल्या अंगणात भिंतीला लावून गोळ्या घातल्या. त्यात शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट होती. परराष्ट्रमंत्री युनिसन व्हाईटमन होता. म्हणजे ज्या दोन माणसांनी १९७३ मध्ये आपापले गट आणून हा पक्ष जोडला, ती दोघंही एकाच भिंतीशी, आपल्याच क्रांतीच्या सैन्याकडून. आणि तो किल्ला? त्याचं नाव बिशपच्या वडिलांवरून ठेवलेलं होतं.

मृतदेह आजपर्यंत घरच्यांना मिळालेले नाहीत.

त्यानंतर सेनापती हडसन ऑस्टिननं रेडिओवरून चोवीस तासांची संचारबंदी जाहीर केली. बाहेर दिसाल तर दिसताक्षणी गोळी. २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य उतरलं आणि पक्षाचा कारभार आटोपला.

इथे तीन सबबी ऐकायला मिळतात. तिन्ही घेऊ.

पहिली : "सगळं अमेरिकेनं केलं." अमेरिकेचं वैर खोटं नव्हतंच. मार्च १९८३ मध्ये रेगननं टीव्हीवर त्या विमानतळाचा हवाई फोटो दाखवून जगाला घाबरवलं. आक्रमण तर उघड बेकायदा होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २ नोव्हेंबर १९८३ ला १०८ विरुद्ध ९ मतांनी त्याचा निषेध केला. पण तारखा बघा ना! नजरकैद १३ तारखेची, भिंत १९ तारखेची, अमेरिका २५ ची. शत्रू दारात येण्याआधीच घर जळलेलं होतं. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेचा कट्टर वैरी आणि बिशपचा मित्र फिडेल कॅस्ट्रोनं आक्रमणाच्या आधीच या हत्यांचा जाहीर धिक्कार केला होता.

दुसरी : "कोर्ड नीच निघाला." ही सबब सगळ्यात सोयीची. एक वाईट माणूस काढला की बाकी डिझाइन उत्तम! पण सप्टेंबरच्या त्या निर्णायक बैठकीत कोर्ड हजरही नव्हता, त्यानं वर्षभर आधी समितीचा राजीनामा दिला होता. मतदान रीतसर झालं, आणि पुढची शिस्तीची भाषा बिशपनं स्वतः मान्य केलेल्या नियमांचीच होती. 'ग्रेनाडा १७' म्हणून गाजलेल्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये १४ जणांना फाशीची शिक्षा झाली, १९९१ मध्ये ती जन्मठेपेत बदलली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये कोर्डसह शेवटचे कैदी सुटले. त्या खटल्याच्या न्याय्यतेबद्दल ढीगभर वाद आहेत. ते असोत. माझा मुद्दा इतकाच की ज्या यंत्रणेत एक चुकीचा माणूस शिरला की थेट भिंतच लागते, त्या यंत्रणेला चांगली म्हणता येत नाही.

तिसरी : "पोरं होती, अननुभवी होती." बरोबर. म्हणूनच तर त्यांना हरायला मिळायला हवं होतं! अनुभव येतो तो तिथूनच.

या कहाणीचा एक धागा आपल्याकडेही येतो. मार्च १९८३ मध्ये अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला बिशप नवी दिल्लीत आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुलाचे नेते दिल्लीला जमले, आणि मधल्या विश्रांतीला गोव्यात गेले. तुम्ही पर्वरीहून साळगावमार्गे कळंगुटला ज्या रस्त्यानं जाता ना, तो 'चोगम रोड' म्हणजे त्याच परिषदेची आठवण. तिथे जमलेल्या पंतप्रधानांमध्ये ज्या विषयावर जोरदार वाद झाले, त्यात ग्रेनाडा होता. आठ महिन्यांपूर्वी दिल्लीत आपल्या देशाची बाजू मांडून गेलेला माणूस आता स्वतःच चर्चेचा विषय झाला होता. पुढच्या वेळी बीचवर जाताना त्या पाटीकडे एकदा बघा.

आणि पुढे काय झालं? रेडिक्स आणि बाकी वाचलेल्यांनी १९८४ मध्ये बिशपच्या नावानं नवा पक्ष काढला. त्याच वर्षी डिसेंबरच्या निवडणुकीत त्याला जेमतेम पाच टक्के मतं पडली, जागा एकही नाही. लोकांचं बिशपवर प्रेम होतं, पण त्या प्रयोगाला मत द्यायची पहिली संधी मिळाली तेव्हा त्यांनी ते दिलं नाही. एरिक गेरीही परतला होता. त्याचा पक्षही हरला, पुन्हा पुन्हा हरला, आणि गेरी १९९७ मध्ये म्हातारपणी वारला. जुलमी माणूस निवडणुका हरत हरत अंथरुणात मेला, आणि लोकांचा लाडका नेता ३९ व्या वर्षी भिंतीशी मेला. यात न्याय नाही, पण धडा आहे.

त्यानंतरचा ग्रेनाडा बघा. १९९९ मध्ये कीथ मिचेलच्या पक्षानं १५ पैकी १५ जागा जिंकल्या. संसदेत विरोधक शून्य! तरी २००८ मध्ये तोच पक्ष हरला, घरी गेला. २०१३ मध्ये परत १५ पैकी १५, २०१८ मध्ये पुन्हा १५ पैकी १५. आणि २०२२ मध्ये पुन्हा हरला. मिचेल उठून विरोधी बाकावर जाऊन बसला. कोणी किल्ल्यावर गेलं नाही. हे इतकं कंटाळवाणं आहे की त्याची बातमी आपल्यापर्यंत आलीही नाही. याच कंटाळ्यासाठी एवढा सगळा खटाटोप करायचा असतो.

२००८ ला मिचेलला हरवून पंतप्रधान झालेला माणूस म्हणजे तोच टिलमन थॉमस, ज्याला बिशपच्या सरकारनं खटल्याविना जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. २९ मे २००९ ला, बिशपच्या वाढदिवशी, त्याच्याच सरकारनं पॉइंट सलाइन्सच्या त्या विमानतळाला 'मॉरिस बिशप आंतरराष्ट्रीय विमानतळ' हे नाव दिलं. कैद्यानं आपल्या तुरुंगवाल्याचा सन्मान केला. मनाचा मोठेपणा आहेच. पण तो दाखवायला आधी जिवंत राहावं लागतं, सुटावं लागतं, निवडून यावं लागतं. ती सगळी सोय नव्या व्यवस्थेत होती, बिशपच्या पक्षात नव्हती.

म्हणून मला हुशार आणि स्वच्छ माणसांची भीती वाटत नाही, 'चार'ची वाटते. ज्यांना कोणी काढू शकत नाही अशा चारची. आपल्याला आवडणाऱ्या पक्षाची, नेत्याची, आंदोलनाची परीक्षा घेताना आपण काय बघतो? जाहीरनामा, डिग्री, भाषण, प्रामाणिकपणा. बिशपच्या पक्षाला या सगळ्यात पैकीच्या पैकी मार्क पडले असते. जो प्रश्न आपण विचारतच नाही तो असा : तुमच्यात जो हरतो, त्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? तो कुठे बसतो? त्याला बोलायला कोणतं वर्तमानपत्र आहे? पाच वर्षांनी तो परत येऊ शकतो का?

आपण ज्या बाजूचे आहोत, त्या बाजूला हा प्रश्न आधी विचारायचा. समोरच्यांना काय, कोणीही विचारतो. उत्तर देताना कोणी अडखळलं, किंवा 'आम्ही हरणारच नाही' म्हणून हसलं, तर मतदान करताना तेवढं लक्षात ठेवा.